सोळा वाघिणींचा डिसेंबर

सिंगापूरला ऋतूच नसतात, असं इथे आलेला प्रत्येक पाहुणा मला दुसऱ्या दिवशी ऐकवतो. बारा महिने तेच ऊन, तीच झाडं, तोच घाम. मी हल्ली वाद घालत नाही. पुढच्या वेळी डिसेंबरात या, एवढंच सांगते. डिसेंबरात इथे ईशान्येकडून पाऊस येतो. चोआ चू कांगच्या आमच्या अकराव्या मजल्यावरून तो येताना दिसतो. आधी लांबच्या इमारती पुसल्या जातात, मग जवळच्या, मग समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळत घातलेले कपडे, आणि मग आपण. तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही. मिठाचा डब्यात दगड होतो, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते, आणि एरवी तळ्यासारखा पडून असणारा इथला समुद्र अंग हलवायला लागतो.

या आठवड्यात तो आला. काल दुपारी मी खिडकी लावायला उठले आणि न लावताच उभी राहिले. चेहऱ्यावर पाणी येऊ दिलं. चार वर्षांपूर्वीचा एक डिसेंबर मला अजून असाच अंगावर घ्यावासा वाटतो. तो चांगला गेला म्हणून नव्हे. त्या डिसेंबरात मी एका कागदावर सही केली नाही म्हणून.

मी जहाजांचं गणित करते. जहाज कसलं, बार्ज. सपाट, इंजीन नसलेला, टगच्या, म्हणजे ओढणाऱ्या बोटीच्या, मागे न्यायचा लोखंडी तराफा. त्यावर किती वजन, कुठे, कोणत्या क्रमाने ठेवायचं आणि त्याच्या पोटातल्या टाक्यांमध्ये किती पाणी भरायचं, म्हणजे तो सरळ तरंगेल, हे ठरवायचं माझं काम. त्या वर्षी आमच्याकडे सोळा वॅगन आल्या होत्या. मालगाडीचे उघडे, सपाट डबे. परदेशातून मोठ्या जहाजाने सिंगापूरला आलेले आणि सुमात्रातल्या एका नदीकाठच्या रेल्वेसाठी निघालेले. त्या नदीत मोठं जहाज शिरत नाही आणि पलीकडे क्रेनही नाही. म्हणून बार्जच्या पाठीवर रूळ टाकायचे, धक्क्यावरच्या रुळांना ते एका जोडपुलाने जोडायचे आणि डबे ढकलत वर घ्यायचे. पलीकडे गेल्यावर तसेच ढकलत उतरवायचे.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते दौंडहून ओरडलेच, "वाघिणी? समुद्रातून?" बाबा रेल्वेत मालगाड्यांचे डबे तपासायचे. वॅगनला वाघीण म्हणणारी ती बहुधा शेवटची पिढी. लहानपणी मी यार्डात त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ते हातोडीने चाकं वाजवत चाललेले असायचे. प्रत्येक चाकावर एक टोला, आणि कान तिरका. आवाज खोटा आला की खिशातून खडू काढून डब्यावर भलीमोठी फुली. "ही आजारी," म्हणायचे, आणि पुढे. फुली मारलेली वाघीण मग साहेबाचा साहेब आला तरी गाडीला जोडत नसत.

आमचा धक्का शहराच्या पश्चिमेला होता. एका बाजूला गोदामं, आणि कुंपणापलीकडे लगेच चालायला येणाऱ्या लोकांचा फरसबंद रस्ता, त्यामागे काचेचे उंच कॉन्डो. संध्याकाळी तिथले लोक कुत्र्यांना फिरवत थांबायचे आणि पावसात उभ्या असलेल्या त्या सोळा तांबूस डब्यांकडे बघायचे. समुद्रकिनारी आगगाडीचे डबे, आणि पुढे रूळ संपलेले. एका मुलाने आईला विचारलेलं मी ऐकलं, "ट्रेन गोइंग स्विमिंग आह?" मी पिवळ्या रेनकोटात हसले. आम्हाला तेच करायचं होतं.

बार्जवर एकच माणूस कायमचा होता, पाकचिक यूसुफ. पाकचिक म्हणजे मलायमध्ये काका. साठीचे, पुलाउ उबीन बेटावर जन्मलेले, वडील बमबोटीवर, म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटीवर, माणसांची ने-आण करायचे, त्यामुळे चालायला शिकण्याआधी तरंगायला शिकलेले. वीस वर्षं ते त्याच बार्जवर होते. सकाळी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, प्लास्टिकचा पेला हातात धरून ते डेकवर नुसते उभे राहत, आणि बार्ज कसा आहे ते त्यांना तळपायांतून कळे. त्या मंगळवारी मी पोचले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आज हा डावीकडे झुकलाय. थोडासाच. काल नव्हता."

मी पातळी लावून बघितलं. डोळ्याला दिसणार नाही इतका, पण झुकाव होता. मग आम्ही टाक्या मोजल्या. टाकीच्या झाकणातून टोकाला वजन असलेली टेप खाली सोडायची, वर काढायची आणि ती कुठवर ओली झाली ते बघायचं. डावीकडच्या तीन नंबरच्या टाकीत आदल्या संध्याकाळी आम्ही पाणी भरलं होतं. ते हातभर कमी झालं होतं. आणि तिच्या शेजारची बाहेरची टाकी, जी कोरडी ठणठणीत असायला हवी होती, तिच्यातून टेप ओली वर आली. पंप बंद होते. म्हणजे मधल्या पडद्यातून पाणी आपल्या मर्जीने इकडून तिकडे चाललं होतं.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. एका परातीत अर्धं पाणी घ्या आणि ती उचलून चालून बघा. काठोकाठ भरलेला किंवा रिकामा तांब्या शहाण्यासारखा वागतो, अर्धी परात वागत नाही. तुम्ही डावीकडे झुकलात की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तुम्हाला आणखी डावीकडे ओढतं. आता त्या परातीवर वीस-वीस टनांच्या सोळा वाघिणी चढवायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येकीबरोबर आत पाणी हलवत राहायचं. जोडपुलाजवळचे रूळ चार बोटं जरी वर-खाली झाले तरी चाक उतरणार. आणि चाकांच्या शेजारी, दोन डब्यांच्या मध्ये, हातात लाकडी पाचरी घेऊन सहा माणसं वाकलेली असणार होती. दोघं तमिळ, चौघं बांगलादेशी. निळ्या कपड्यांवर काळे प्लास्टिक अंगरखे घातलेली, डबा थांबला की चाकाखाली पाचर सरकवणारी. त्यांना टाकीतलं काही दिसणार नव्हतं. ते माझ्या कागदाच्या भरवशावर वाकणार होते.

मी भागवत सरांना फोन केला. ते आमच्या विभागाचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, इथे पंचवीस वर्षं. मी इथल्या विद्यापीठातून मास्टर्स केल्यावर मला नोकरी त्यांनीच दिली, माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, त्यांनीच केला. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आले होते. हे सगळं मी आजही नाकारत नाही.

ते तासाभरात धक्क्यावर आले. पाऊस तिरका लागत होता. छत्री मिटून ते पत्र्याच्या शेडमध्ये शिरले आणि म्हणाले, "मृणाल, अगं आज दुपारी उधाणाची भरती आहे. ही गेली तर पुढची पंधरा दिवसांनी. टग बाहेर उभा आहे."

"टाकी गळतेय, सर."

"बाहेर गळतेय का? नाही ना? आतल्या आतच ना? मग पंप चालू ठेव आणि भरत राहा. इतकी वर्षं लोकांनी असंच केलंय."

"गळती किती मोठी आहे हे कळल्याशिवाय भरत राहता येणार नाही. आणि वजन वर गेल्यावर ती वाढली तर?"

त्यांनी पाकचिककडे वळून इंग्रजीत विचारलं, "यूसुफ, तुला काय वाटतं? जाईल ना बार्ज?"

पाकचिक यूसुफ पाण्याकडे बघत राहिले. सकाळी झुकाव आधी त्यांच्याच पायांना कळला होता. माझ्यासोबत टेप त्यांनीच धरली होती. पण ते काही बोलले नाहीत. शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ऐकू आलं नसेल, असंही कुणाला वाटलं असतं. मला तसं वाटलं नाही.

भागवत सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. बार्ज माल घ्यायला योग्य आहे, असं लिहिलेला. खाली माझं नाव छापलेलं आणि त्यावर रिकामी रेघ. मग त्यांनी आवाज खाली आणला. एकदम मऊ, घरातल्यासारखा. "तू मला मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. निखिलची नोकरी गेलीय. तुझ्या पासावर तिघं इथे आहात. हट्टाची ही वेळ नाही."

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी डगमगत होते. निखिल, माझा नवरा, त्याचं पाया लेबार भागातलं ऑफिस नोव्हेंबरात बंद झालं होतं, आणि तो आता माझ्या पासावरचा डिपेन्डन्ट होता. शेडमध्ये उभं राहून मी मनात पंपाची गणितं करत होते. चालेल का, दोन पंप लावले तर, हळूहळू चढवलं तर. पण त्यांनी घर मध्ये आणलं आणि माझं डोकं लख्ख झालं. टाकी चांगली असती तर त्यांना निखिलचं नाव घ्यावं लागलं नसतं.

"मी सही करणार नाही, सर."

"तुझा पास मी केलाय, हे विसरू नकोस."

"पास तुम्ही केलात. सही माझी आहे."

असलं काही मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा वडीलधाऱ्याला बोलले. मी शेडमधून बाहेर पडले. डेकवर गेले, खांबाला अडकवलेला पिवळ्या ऑइलपेंटचा जाड मार्कर घेतला आणि तीन नंबरच्या टाकीच्या झाकणावर या काठापासून त्या काठापर्यंत फुली मारली. शेजारच्या टाकीवरही मारली. मोबाइलवर फोटो काढले, टेपची मापं लिहिली आणि ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम पाठवून दिली. सहा निळे कपडे डब्यांजवळ उभे राहून बघत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यातल्या एकाने हातातली पाचर खाली ठेवली.

सरांनी मग रामोनला बोलावलं. रामोन आमच्याकडचा दुसरा इंजिनिअर, फिलिपिन्सचा, माझ्याहून तीन वर्षांनी ज्येष्ठ, भांडणापासून लांब राहणारा. त्याने माझ्याशी एक शब्द न बोलता टेप घेतली आणि पुन्हा सगळ्या टाक्या मोजल्या. भर पावसात, गुडघ्यांवर बसून, तासभर. मग भिजलेला शेडमध्ये आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "सॉरी, सर. मीही नाही करणार." एवढंच. दुपारी तीन वाजता समुद्र धक्क्याच्या वरच्या खुणेपर्यंत चढला, तासभर तिथे थांबला आणि उतरून गेला. वाघिणी जागच्या हलल्या नाहीत. इतकी सुंदर भरती मी पुन्हा पाहिली नाही.

घरी मात्र सुंदर काही नव्हतं. निखिल ओट्याशी गवार मोडत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला एक फोन तरी करायचास."

"केला असता तर काय म्हणाला असतास?"

"कर सही, म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही केला."

मग आम्ही भांडलो. दार लावून, आवाज दाबून. दाबलेल्या आवाजात माणसं जास्त वाईट बोलतात. सात वर्षांची ओवी दाराबाहेर उभी होती हे आम्हाला उशिरा कळलं. "आपण पुण्याला परत जाणार?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रडायला लागली, "कॅनॉट लाह, आई! जानेवारीत मी प्रायमरी टूमध्ये जाणार ना!" मी तिला जवळ घेतलं. सगळं ठीक होईल, असं मी तिला म्हणाले नाही. दुपारी खोटी सही केली नव्हती, संध्याकाळी खोटा शब्द कसा देणार? दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलने चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिथे मी असतो तर सही केली असती. बरं झालं, मी नव्हतो." आमच्या लग्नात मला मिळालेलं सगळ्यात अवघड प्रशस्तिपत्र ते.

टाकी उघडली गेली. दोन जणांचा सही करायला नकार लेखी आल्यावर कुणाला पर्याय राहिला नव्हता. पाणी उपसून माणूस आत उतरला. मधल्या पडद्याच्या तळाशी, गंजाच्या पापुद्र्याआड, हात जाईल एवढी चीर होती. वजन पडल्यावर ती किती फाटली असती, कुणी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती होती.

मला त्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं. खिडकीजवळचं टेबल, बंद पडलेल्या जुन्या फायली आणि काम शून्य. लोक कोपी घ्यायला जाताना माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं की माझा करार जानेवारीअखेर संपतोय आणि कामाचा ओघ कमी असल्याने तो पुढे वाढवता येणार नाही. त्या दिवशीही पाऊस होता. मी पत्राची घडी घातली, एमआरटीच्या मेट्रोने घरी आले आणि वाटेत हॉकर सेंटरवर उतरून तिघांसाठी गरम लाक्सा, म्हणजे नारळाच्या रसातल्या तिखट शेवया, बांधून घेतला. उपास करायचं मला काही कारण नव्हतं.

पाकचिक यूसुफ यांचा फोन एका रविवारी आला. त्यांनी आम्हाला उबीनला बोलावलं. चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीने आम्ही गेलो. डिझेलचा धूर, तोंडावर खारं पाणी, ओवी किंचाळत खूश. त्यांचं जुनं लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, मागे फणसाचं झाड. त्यांच्या बायकोने केळ्याची गरम भजी पुढे ठेवली. निखिल आणि ओवी भाड्याच्या सायकली घेऊन गेले तेव्हा ते पायरीवर माझ्या शेजारी बसले.

"त्या दिवशी मी पाण्याकडे बघत होतो," ते म्हणाले.

"मी पाहिलं, पाकचिक."

"निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तुझ्याकडे पेन होतं, माझ्याकडे नव्हतं. पण तोंड होतं. शरम वाटते."

अशा वेळी आपण "असू दे" म्हणतो. माझ्या जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं. मी म्हटलं, "हो. तुम्ही बोलायला हवं होतं." त्यांनी मान हलवली. मग आम्ही बराच वेळ फणसावरचा पाऊस ऐकत बसलो, आणि ते बसणं मला कुठल्याही क्षमेपेक्षा बरं वाटलं. निघताना त्यांनी सांगितलं, "चीर सांधून झालीय. गुरुवारी दुपारी चढवतोय."

गुरुवारी मी रजा टाकली. धक्क्यात मला प्रवेश नव्हता. पण कुंपणापलीकडचा रस्ता सगळ्यांचा आहे, कुत्र्यांचासुद्धा. मी छत्री घेऊन तिथे उभी राहिले. पहिली वाघीण जोडपुलावर आली तेव्हा बार्ज खोल श्वास घेतल्यासारखा खाली गेला आणि आतल्या पाण्याने सावरून पुन्हा वर आला. लोखंडी चाक जमिनीवरचा रूळ सोडून पाण्यावरच्या रुळावर जातं, तेव्हा एकच ठोका ऐकू येतो. मी सोळा डब्यांचे ठोके ऐकले. सहा निळे कपडे वाकले, पाचरी सरकल्या, उभे राहिले. पुन्हा वाकले. प्रत्येक वेळी मी सहा डोकी मोजली. संध्याकाळी टगने दोर ताणला आणि सोळा वाघिणी राखाडी समुद्रावरून, आपापल्या साखळदंडांत ताठ उभ्या, दक्षिणेकडे निघाल्या. माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तरी ते काम मी माझं मानते, आजही.

पुढे फेब्रुवारीत, पासाचे थोडेच दिवस उरले असताना, रामोनने एका ठिकाणी माझं नाव सुचवलं आणि मला जहाजं तपासण्याची नोकरी मिळाली. निखिललाही नंतर काम मिळालं. ओवी प्रायमरी टूमधून पुढे गेली. पण हे आधीच माहीत असल्यासारखं सांगितलं तर त्या ऋतूवर अन्याय होईल. जानेवारीत माझ्या हातात काही नव्हतं. हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि त्यांत आम्ही हिवाळी कपडे भरायला घेतले होते.

अशातच इथल्या महाराष्ट्र मंडळाची संक्रांत आली. जाऊ नये, असं निखिलचं मत. मी मुद्दाम काळी पैठणी नेसले. हॉल भरलेला, हलव्याच्या दागिन्यांतली बाळं, बाहेर धो धो पाऊस. मी आत शिरले तेव्हा दोन-तीन घोळके वळून बघायला लागले. भागवत सर वाटीभर तिळगूळ घेऊन सगळ्यांना वाटत होते. ते माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मग जरा खाली वाकून, "झालं गेलं सोडून दे, मृणाल. एकदा सॉरी म्हण, मी बोलून बघतो. करार वाढवू."

शेजारी निखिलने माझ्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या असत्या.

"तिळगूळ घेते, सर," मी म्हणाले. माझाही आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा निघाला. "पण गळतंय त्याला गळतंयच म्हणणार. याहून गोड मला बोलता येत नाही."

मी त्यांच्या वाटीतला एक लाडू उचलला. पाक पुढे गेला होता, चांगलाच कडक झाला होता. मी तो तोंडात टाकला आणि त्यांच्याकडे बघत दाढेखाली फोडला.